आधी टायर, मग रिम, शेवटी ब्रेक

घरच्या सेडानला नवी मॅग व्हील आणि मोठे ब्रेक बसवायचे म्हटले की चर्चा रिमच्या इंचांपासून सुरू होते. पंधराचे सोळा करायचे की थेट सतरा, हे आधी ठरते. मग त्या रिमवर बसेल तो टायर निवडला जातो. मोठ्या रिमच्या मोकळ्या आऱ्यांमधून आतली छोटी डिस्क उघडी दिसू लागली की ब्रेकही मोठे करावेत असे वाटू लागते. हा क्रम मुळातच उलटा आहे आणि त्यामुळे पुष्कळ पैसा चुकीच्या जागी जातो, असे माझे मत आहे. गाडी थांबते ती रस्त्याला टेकलेल्या टायरच्या पकडीने. ब्रेक चाकाला अडवतो आणि त्यात निर्माण होणारी उष्णता सोसतो. रिम या दोघांना जागा देते. म्हणून विचार आणि खर्च टायरपासून सुरू व्हायला हवा, नंतर पॅड आणि ब्रेक ऑइल, मग गरज असेल तर रिम, आणि मोठी डिस्क सगळ्यात शेवटी. होंडा सिटी, मारुती सियाझ, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस अशा गाड्या आणि महाराष्ट्रातले रस्ते डोळ्यांसमोर ठेवून हा सगळा प्रश्न तपासून पाहू.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. या वेगातून पूर्ण थांबायला किती अंतर लागेल, हे टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावर ठरते. कोरड्या चांगल्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर साधारण ४९ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर तो ०.५ वर आला तर ७९ मीटर. चालकाने ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत गेलेले अंतर यात धरलेले नाही. या हिशेबात डिस्कचा व्यास कुठेच येत नाही, आणि तसा तो येतही नसतो. डिस्क आणि कॅलिपर यांच्यात चाक अडवण्याची ताकद टायरच्या पकडीहून जास्त असली की पुरे. त्यापुढची ताकद रस्त्यापर्यंत पोचतच नाही. तेवढी ताकद ब्रेकमध्ये आहे का, याचा पुरावा प्रत्येक गाडीतच असतो. एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरू लागले, म्हणजे एबीएस कामाला लागले. त्याचा अर्थ ब्रेक चाक जाम करायला तयार आहेत आणि टायर सुटू पाहत आहे. अशा गाडीला मोठी डिस्क बसवली तर थरथर थोड्या कमी दाबाला सुरू होईल, पण थांबण्याचे अंतर जवळपास तेच राहील.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मोठे ब्रेक बसवलेल्या गाडीत बसून पाहा, फरक लगेच जाणवतो. फरक जाणवतो हे खरे आहे. २५५ मिलिमीटरच्या जागी २८५ मिलिमीटरची डिस्क आली की त्याच दाबाला सुमारे १२ टक्के जास्त जोर मिळतो आणि पेडल हलके, तत्पर वाटते. पण गाडी लवकर थांबते असे वाटणे आणि ती कमी अंतरात थांबणे यांत फरक आहे. पहिली गोष्ट चांगल्या प्रतीच्या पॅडनेही बऱ्याच अंशी मिळते. दुसरी फक्त टायर देऊ शकतो.

म्हणून टायरकडे नीट पाहायला हवे. कायद्याने टायरची किमान नक्षी १.६ मिलिमीटर चालते, आणि खोबणीच्या तळाशी असलेली खूणही त्याच उंचीची असते. पण कोकणातल्या पावसात तेवढ्या नक्षीचा टायर पाणी बाजूला सारू शकत नाही. १९६० च्या दशकात नासाच्या वॉल्टर होर्न यांनी विमानांच्या चाकांवर अभ्यास करून दाखवले की, साचलेल्या पाण्यावर गुळगुळीत टायर कोणत्या वेगाला तरंगू लागतो हे प्रामुख्याने त्यातल्या हवेच्या दाबावर ठरते. त्यांच्या सूत्राने ३२ पीएसआयला हा वेग ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो आणि २४ पीएसआयला ८२ पर्यंत उतरतो. मोटारीला हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, पण दिशा तीच आहे. झिजलेला आणि हवा कमी असलेला टायर एक्स्प्रेस-वेच्या नेहमीच्या वेगातच पकड सोडू शकतो. टायरचा पन्ना वाढवल्याने यावर उपाय होत नाही. जमिनीला टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यांवर ठरते. पन्ना वाढला की त्या भागाचा आकार आडवा होतो, आणि आडव्या आकाराला समोरचे पाणी बाजूला काढणे अधिक जड जाते. रुंद टायर कोरड्या वळणावर बरा, भर पावसात तितकासा नाही.

टायरचे वयही पाहावे. बाजूच्या भिंतीवर चार अंकी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षे उन्हात काढलेल्या टायरचे रबर कडक झालेले असते. घरच्या गाड्या कमी फिरतात, म्हणून हा प्रकार त्यांच्यातच जास्त दिसतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. १०० च्या तुलनेत तिथे गाडीची गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते आणि थांबण्याचे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. विदर्भाच्या उन्हात सलग काही तास त्या वेगाने जाणाऱ्या गाडीला नवे, योग्य भारांकाचे आणि नीट हवा भरलेले टायर देणे हा ब्रेकवरचा सर्वांत फायदेशीर खर्च आहे. नक्षी उरली आहे म्हणून जुने टायर नव्या मॅग व्हीलवर चढवण्यापेक्षा जुन्याच रिमवर नवे टायर घालावेत.

मग मोठ्या डिस्कला अर्थच नाही का? आहे, आणि तो उष्णतेत आहे. चालती गाडी थांबवणे म्हणजे तिची ऊर्जा उष्णतेत बदलणे. पाच माणसे आणि सामान धरून १५०० किलोची सेडान १०० च्या वेगातून थांबली की सुमारे ५.८ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते. त्यातला ७० टक्के भाग पुढच्या दोन डिस्कवर जातो असे धरले, तर पाचेक किलोच्या प्रत्येक ओतीव लोखंडी डिस्कचे तापमान साधारण ९० अंशांनी वाढते. एका थांबण्याला हे काहीच नाही. दोन मिनिटे गाडी चालली की डिस्क पुन्हा बरीच निवते. मुंबईच्या रहदारीत वेगच कमी असतो, त्यामुळे तिथे ब्रेक कितीही वेळा दाबले तरी उष्णतेचा प्रश्न सहसा येत नाही.

घाटाचा हिशेब मात्र वेगळा आहे. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण पाचशे मीटर खाली येते. १५०० किलोच्या गाडीसाठी ही ७३ लाख ज्यूलहून अधिक ऊर्जा झाली, म्हणजे १०० च्या वेगातून बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचे तर उतार बाराशे मीटरच्या आसपास आहे, आणि आकडा तीस वेळा थांबण्याइतका होतो. यातली सगळी ऊर्जा ब्रेकवर येत नाही. खंडाळ्याच्या घाटात ताशी चाळीसने उतरताना साधारण एक तृतीयांश ऊर्जा टायरच्या अवरोधात आणि हवेत जाते. उरलेली इंजिन आणि ब्रेक यांच्यात वाटली जाते, आणि ही वाटणी चालकाच्या हातात असते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनला गाडी धरू दिली तर ब्रेक अधूनमधून दाबावे लागतात आणि मधल्या वेळात डिस्क निवते. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि त्यांना निवायला उसंतच मिळत नाही. शिवाय पेट्रोल वाचत नाही ते नाहीच. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअर घालून, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंधन बंदच होते. ऑटोमॅटिक गाड्यांच्या मालकांनी हे विशेष लक्षात घ्यायला हवे. डी मध्ये ठेवलेला गिअरबॉक्स अनेकदा वरच्या गिअरमध्ये जातो आणि इंजिनचा धरण्याचा जोर नाहीसा होतो. पॅडल शिफ्टर, मॅन्युअल मोड किंवा एल यांचा खरा उपयोग उतारावर आहे. मोठी डिस्क जे काम हजारो रुपये घेऊन करील, त्यातले बरेचसे काम योग्य गिअर फुकट करतो.

घाटात ब्रेक दगा देतात ते दोन प्रकारे, आणि पेडलवरून दोन्ही ओळखता येतात. पेडल नेहमीसारखे टणक आहे, पाय रेटून दाबला तरी गाडी धरत नाही, करपल्याचा वास येतो आहे: अशा वेळी पॅड तापले आहेत. गाडीसोबत आलेल्या साध्या पॅडची पकड साधारण तीनशे-चारशे अंशांच्या पट्ट्यात ढासळू लागते. पेडल मऊ पडून खाली जात असेल, दोन-तीनदा मारल्यावर थोडे वर येत असेल, तर ब्रेक ऑइल उकळले आहे. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा आहे आणि त्याला डिस्कच्या आकाराइतकाच आळस जबाबदार असतो. पावसाळ्यात मीठ पाणी धरते तसे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावरची मर्यादा १५५ आहे. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. कोकणच्या दमट हवेत चार-पाच वर्षे ऑइल न बदललेली गाडी घाटात नेणे म्हणजे या दुसऱ्या आकड्यावर विसंबणे. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून सगळी हवा काढणे हे एका मॅग व्हीलच्या किमतीपुढे किरकोळ काम आहे, तरी सर्व्हिसिंगच्या बिलातून तेच सर्वांत आधी वगळले जाते, कारण ते डोळ्याला दिसत नाही.

पॅडचा मुद्दाही इथेच येतो. नामांकित कंपनीचे, जास्त तापमान सोसणारे पॅड त्याच कॅलिपरमध्ये बसतात आणि त्यांच्यामुळे घाटातला पहिला धोका पुष्कळ दूर होतो. मात्र ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी बनवलेले पॅड घरच्या गाडीला घालू नयेत. ते थंड असताना नीट धरत नाहीत, आणि सकाळी गल्लीतून बाहेर पडताना अचानक मूल आडवे आले तर ब्रेक थंडच असतात. नकली पॅड बाजारात भरपूर आहेत, म्हणून ओळखीच्या किंवा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावेत. आणखी एक गैरसमज खर्चिक ठरतो. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरले की डिस्क वाकली असे सांगून नव्या डिस्क गळ्यात मारल्या जातात, आणि तेवढ्यावरून मोठ्या ब्रेकचा विषय निघतो. अनेकदा ती डिस्कवर पॅडच्या मालाचा असमान थर बसल्याची किंवा तिची जाडी ठिकठिकाणी कमीजास्त झाल्याची खूण असते. घाट उतरून तापलेल्या ब्रेकवर पाय तसाच दाबून उभे राहिल्याने असा थर बसतो. डिस्क तपासून गरजेपुरती तासून घेणे आणि नवे पॅड सुरुवातीला मध्यम वेगातून वारंवार हलके ब्रेक लावत बसवून घेणे, एवढ्याने ती थरथर बहुधा जाते.

कंपन्या खर्च वाचवतात, म्हणून त्यांचे ब्रेक आणि टायर तुटपुंजे असतात, हा आक्षेप अर्धा खरा आहे. खालच्या प्रकारांना अरुंद आणि मायलेजकडे झुकलेले टायर मिळतात हे उघड आहे. त्याच वेळी वरच्या प्रकारांत कंपनी स्वतःच मोठे चाक देते, आणि माझ्या मते खरेदीदाराला मिळणारी सर्वांत भरवशाची माहिती हीच आहे. सियाझला खाली १८५/६५ आर १५ आणि वर १९५/५५ आर १६ मिळत असे. पाचव्या पिढीच्या सिटीला १८५/६० आर १५ आणि १८५/५५ आर १६. वरच्या प्रकाराचे चाक त्याच गाडीच्या सस्पेन्शनवर, एबीएसवर आणि मडगार्डच्या जागेत तपासून घेतलेले असते. रिम मोठी करायचीच असेल तर पहिली आणि बहुतेकांसाठी शेवटची पायरी हीच असावी.

त्यापुढे गेल्यावर काय होते ते सियाझच्याच आकड्यांत पाहू. १८५/६५ आर १५ चा पूर्ण व्यास ६२१ मिलिमीटर आहे आणि रिम ते रस्ता रबराची भिंत १२० मिलिमीटर. १९५/५५ आर १६ ला व्यास तोच राहतो, भिंत १०७ होते. २०५/४५ आर १७ घातला तर व्यास ६१६ म्हणजे एका टक्क्याच्या आतच बदलतो, त्यामुळे स्पीडोमीटरला फारसा धक्का नाही. पण भिंत ९२ वर येते. पंधराच्या तुलनेत रबराची २८ मिलिमीटर उंची गेली. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची धारदार कड लागते तेव्हा रिमला वाचवणारी जागा हीच असते. ती संपली की टायरच्या भिंतीतले धागे तुटून फुगा येतो किंवा रिमची कड वाकते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. वाकलेली मॅग व्हील तापवून, दाबून सरळ करून देणारी दुकाने सगळीकडे आहेत, पण तापवल्याने मिश्रधातूचे बळ कमी होते आणि वेल्डिंग केलेली रिम तर कुटुंबाच्या गाडीला घालूच नये. मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्या किंवा गावाकडच्या जिल्हा मार्गांवर फिरणाऱ्या घरासाठी सतरा इंची चाक हा तोट्याचा सौदा आहे. वजनाचेही तसेच. बाजारातल्या स्वस्त ओतीव मोठ्या रिम कंपनीच्या छोट्या रिमहून बहुधा जड असतात, आणि वजन बाहेरच्या कडेला गेल्याने चाक फिरवायला आणि थांबवायला दोन्हीला जास्त ऊर्जा लागते. हलकी, फोर्ज्ड रिम हे दोष कमी करते. मात्र तिच्या किमतीत टायरचे दोन संच आणि कित्येक वर्षांचे ब्रेक ऑइल येते.

गाडी देखणी दिसावी ही इच्छा कमी लेखण्याचे कारण नाही. लोक घराला रंग देतात तसेच गाडीलाही सजवतात, आणि चांगली मॅग व्हील सेडानचे रूप खरेच बदलतात. पण हा हिशेब रूपाच्या खात्यावर मांडावा, सुरक्षिततेच्या नव्हे. मग सोळाच्या आतच सुंदर रिम शोधता येते आणि पायाखालचे रबर शाबूत राहते.

रिम गाडीला नीट बसते की नाही, हे चार-पाच मापांवर ठरते आणि दुकानात त्यातले एकच विचारले जाते, ते म्हणजे बोल्टचे वर्तुळ किंवा पीसीडी. सिटी आणि सियाझचा पीसीडी ४ बाय १००, स्लाव्हिया-व्हर्टसचा ५ बाय १००. तो जुळला की रिम चढते, पण तेवढे पुरेसे नाही. मधल्या भोकाचे माप सिटीला ५६.१ मिलिमीटर आणि सियाझला ५४.१ आहे. अनेक गाड्यांना चालावी म्हणून बाजारातली रिम मोठे भोक ठेवून बनवलेली असते. मधली फट भरणारी योग्य मापाची हब रिंग घातली नाही तर रिम केंद्रात बसत नाही, आणि कितीही बॅलन्सिंग केले तरी ताशी ऐंशीनंतर स्टिअरिंग थरथरते. त्याहून कमी पाहिले जाते ते ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते माप. समजा कंपनीची रिम ६ इंच रुंद आणि ४५ ऑफसेटची आहे आणि नवी ७ इंच रुंद, ३५ ऑफसेटची. तिची बाहेरची कड जवळजवळ २३ मिलिमीटर बाहेर येते. गाडी पसरट आणि दमदार दिसते, पण भरल्या गाडीत मागचा टायर मडगार्डला घासतो, बेअरिंगवर ताण वाढतो, आणि एका बाजूची चाके ओल्या मातीवर असताना ब्रेक लावला तर स्टिअरिंग हातातून खेचले जाते, कारण पुढचे चाक ज्या रेषेभोवती वळते तिच्यापासून टायरचा मध्य बाहेर सरकलेला असतो. रिम बाहेर सरकवणारा स्पेसर घातल्यावरही हेच घडते.

सर्वांत धोक्याची गफलत मात्र नटांची आहे. होंडाच्या मूळ रिमचे नट गोलाकार बैठकीचे असतात आणि बाजारातल्या बहुतेक मॅग व्हीलना शंकूच्या आकाराचे नट लागतात. गोल नट शंकूच्या खाचेत आवळला तर तो कडेच्या अरुंद पट्टीवर टेकतो. पान्याला घट्ट लागतो, पण पन्नास-शंभर किलोमीटरनंतर सैल होऊ शकतो. म्हणून नव्या रिमसोबत योग्य नटांचा पूर्ण संच घ्यावा लागतो. त्याची दुसरी बाजू रात्री रस्त्यात उघडी पडते. डिकीतली स्टेपनी जुन्याच लोखंडी रिमची असते आणि तिला जुनेच नट हवे असतात. नवे नट लावून स्टेपनी चढवली तर तीच चूक उलट बाजूने होते. जुन्या नटांपैकी एका चाकाचे नट कापडी पिशवीत घालून स्टेपनीच्या खळग्यात ठेवले की प्रश्न मिटतो. नट बंदुकीने न आवळता टॉर्क पान्याने, कंपनीच्या पुस्तिकेतल्या मापाने आवळावेत.

रिम घेताना आतल्या बाजूला तिच्या भारक्षमतेचा आकडा आणि प्रमाणनाची खूण कोरलेली आहे का ते पाहावे. भारतीय मानक आयएस १६१९२ आहे. जपानची जेडब्ल्यूएल ही खूणही नेहमी दिसते. टायरच्या भारांकात कंपनीच्या आकड्याखाली जाऊ नये. ८४ म्हणजे ५०० किलो, ८७ म्हणजे ५४५. सोळाच्या १९५/५५ ला ८७ मिळतो आणि सतराच्या साध्या २०५/४५ ला ८४. टायर मोठा दिसतो, पण वजन कमी पेलतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराचे चाक बसवणे आणि वेगळ्या गाडीचे ब्रेक उचलून लावणे यांत म्हणूनच मोठा फरक आहे. विमा कंपनीला बदल लेखी कळवून पॉलिसीत नोंदवून घ्यावा. नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी हाच मुद्दा पुढे येऊ शकतो.

आता ज्यांना मोठे ब्रेक खरोखर उपयोगी पडतील ते कोण? ज्यांच्या गाडीत चांगले टायर, चांगले पॅड, ताजे ऑइल असून आणि गिअरचा नीट वापर करूनही ब्रेक तापून मऊ पडतात, ते. असे लोक थोडे आहेत: रिमॅप करून इंजिनची ताकद वाढवलेले, भरल्या गाडीने वारंवार आंबेनळी किंवा वरंधासारखे घाट जोरात उतरणारे, किंवा शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी नेणारे. त्यांच्यासाठी मोठी डिस्क अर्थपूर्ण आहे, कारण तिच्यात लोखंड जास्त असते, निवायला पृष्ठभाग जास्त मिळतो, आणि त्याच कामाला तापमान कमी चढते. मोठी रिम घ्यायला अभियांत्रिकीचे जे एकमेव सबळ कारण आहे तेही इथेच सापडते: त्या डिस्कला आणि कॅलिपरला आत जागा हवी. यांनी रिम घेण्याआधी कॅलिपर ठरवावा, कारण सोळा इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या रिमचे आरे मोठ्या कॅलिपरला चुकवून जात नाहीत.

पण ब्रेक ही एक जुळवलेली साखळी आहे आणि एक कडी बदलली की बाकीच्यांना हिशेब द्यावा लागतो. कॅलिपरचा पिस्टन ५४ वरून ५७ मिलिमीटर केला तर क्षेत्रफळ ११ टक्क्यांनी वाढते. मास्टर सिलिंडर जुनाच असेल तर तितके जादा ऑइल ढकलायला पेडल जास्त खाली जाते. पुढचे ब्रेक फारच जोरकस केले तर पुढची चाके लवकर एबीएसच्या हवाली होतात, मागची आपला वाटा पूर्ण उचलण्याआधीच. अशा गाडीचे थांबण्याचे अंतर मूळ गाडीपेक्षा वाढूही शकते. मागचे ब्रेक अवास्तव वाढवणे याहून वाईट, कारण ते चुकून जाम झाले तर गाडीची शेपटी फिरते. मागे ड्रमच्या जागी डिस्क घालण्याची हौस पुष्कळांना असते. जोरात ब्रेक लावल्यावर वजन पुढे सरकते आणि मागच्या चाकांवर पाव ते तिसरा हिस्साच उरतो; तेवढे काम चांगल्या स्थितीतला ड्रम करतो. सिटीच्या हायब्रिडला किंवा व्हर्नाच्या टर्बोला मागे डिस्क आहेत, पण त्या कंपनीने एबीएस, हँडब्रेक आणि पुढचे ब्रेक यांच्याशी जुळवून दिलेल्या आहेत. फक्त डिस्क आणि कॅलिपर उचलून दुसऱ्या गाडीला लावल्याने ते जुळणे सोबत येत नाही. ज्याला मोठे ब्रेक हवेतच, त्याने त्याच प्लॅटफॉर्मच्या जोरकस प्रकाराचे पूर्ण संच पाहावेत, डिस्क, कॅलिपर, त्याचा ब्रॅकेट आणि गरज असल्यास मास्टर सिलिंडरसकट, आणि बसवल्यावर मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर ताशी चाळीस, साठ, ऐंशी अशा चढत्या वेगातून पूर्ण ब्रेक लावून गाडी सरळ थांबते का, पेडल तेवढ्याच उंचीवर टिकते का आणि एबीएसचा दिवा पेटत नाही ना, हे घाटात जाण्याआधी तपासून घ्यावे.